बंदिशीचा धनी

हिंदुस्थानी संगीत ज्या वाटेने शतकानुशतके चालत आले आणि आजचा प्रताधिकार कायदा ज्या गृहीतकांवर उभा आहे, त्या दोहोंमधील अंतर दिल्ली उच्च न्यायालयापुढील एका दाव्याने अलीकडे जितके उघडे केले, तितके ते यापूर्वी क्वचितच झाले असेल. ‘पोन्नियिन सेल्वन २’ हा मणिरत्नम यांचा चित्रपट एप्रिल २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यातील ‘वीरा राजा वीरा’ हे ए. आर. रहमान यांच्या संगीतातील गीत आपल्या घरच्या ‘शिवस्तुती’ या ध्रुपद रचनेवरून घेतले आहे, असा दावा उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी दाखल केला. त्यांचे म्हणणे असे, की अडाणा रागातील ही रचना त्यांचे वडील नासिर फैयाजुद्दीन डागर आणि काका नासिर झहीरुद्दीन डागर या ‘कनिष्ठ डागर बंधूं’नी बांधली, १९७८ साली ॲम्स्टरडॅम येथील मैफलीत गायली, पुढे ती ध्वनिमुद्रिकेच्या रूपानेही प्रसिद्ध झाली आणि वारसाहक्काने तिचा प्रताधिकार आता त्यांच्याकडे आहे. प्रतिवादींची भूमिका याच्या उलट होती: शिवस्तुती ही ध्रुपदाच्या सामाईक परंपरेतील रचना आहे, तिच्यावर कोणा एका कुटुंबाची मालकी असू शकत नाही आणि चित्रपटातील गीत ही पाश्चात्त्य संगीतरचनेच्या अंगाने, अनेक थरांनी बांधलेली स्वतंत्र निर्मिती आहे.

एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंह यांनी अंतरिम आदेश दिला तो वादीच्या बाजूने. राग कोणाच्या मालकीचा नसतो, परंतु रागाच्या चौकटीत केलेली मौलिक रचना संरक्षणास पात्र असते, ही भूमिका घेऊन त्यांनी चित्रपटगीत हे केवळ प्रेरणा घेतलेले नसून स्वर, भाव आणि कानावर होणारा परिणाम या सर्व बाबतींत मूळ रचनेशी एकरूप असल्याचे प्रथमदर्शनी मान्य केले, श्रेयनामावलीत दोन्ही दिवंगत बंधूंची नावे घालण्यास सांगितले आणि दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करण्याचा हुकूम केला. मे महिन्यात या आदेशाला स्थगिती मिळाली आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती सी. हरिशंकर आणि न्यायमूर्ती ओम प्रकाश शुक्ला यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. खंडपीठाचे कारण एका वाक्यात मावणारे होते: रचना गायली म्हणून गाणारा तिचा रचनाकार ठरत नाही. दोन गाण्यांत साम्य आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याची गरजच खंडपीठाला भासली नाही, कारण मुळात रचनाकार कोण, हेच त्याच्या मते सिद्ध झालेले नव्हते.

कायद्याच्या अक्षरापुरते पाहिले तर खंडपीठाची ही भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगीतकृतीचा कर्ता म्हणजे तिचा रचनाकार, आणि गायक-वादक हा ‘प्रयोगकर्ता’, म्हणजे दुसऱ्याने किंवा स्वतः रचलेली कृती सादर करणारा. दोघांचे हक्क वेगळे, त्यांची मुदत वेगळी, त्यांचा उगमही वेगळा. अडचण आहे ती ही, की ज्या संगीताविषयी हा वाद आहे, त्याने अशी फारकत कधी केलीच नाही.

ध्रुपद ही हिंदुस्थानी संगीतात आज गायल्या जाणाऱ्या प्रकारांतील सर्वांत जुनी गायकी मानली जाते. तिच्यात आधी अर्थपूर्ण शब्दांवाचून, री-त-न-नोम-तोम अशा अक्षरांवर रागाचा आलाप सावकाश उलगडला जातो आणि मग पखवाजाच्या साथीने पद गायले जाते. स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे या पदाचे चार भाग परंपरेने मानले आहेत. गौडहार, डागुर, खंडार आणि नौहार या ध्रुपदाच्या चार बानी, म्हणजे गायनाच्या चार शैली. त्यांपैकी डागुर बानी, म्हणजेच डागरवाणी, एका कुटुंबाने इतक्या निष्ठेने सांभाळली, की शैलीचे नाव हेच कुटुंबाचे आडनाव झाले. एकोणिसाव्या शतकात जयपूरला बहराम खाँ, त्यानंतर उदयपूरच्या दरबारी झाकिरुद्दीन खाँ आणि अलवरच्या दरबारी अल्लाबंदे खाँ अशी ही साखळी येते. संस्थाने गेली तेव्हा राजाश्रयावर जगणारे ध्रुपदही त्यांच्यासोबत जाईल, अशी भीती होती. ते तगले याचे मोठे श्रेय या घराण्यातील दोन पिढ्यांच्या जिद्दीला आणि त्यांनी घराबाहेरच्या शिष्यांसाठी उघडलेल्या दारांना आहे.

हे दार महाराष्ट्रातही उघडले होते. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर मुंबईत राहत आणि पनवेलजवळच्या पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल उभारले. त्यांचे बंधू उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी १९८१ पासून भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिकवले आणि आयुष्याची अखेरची वर्षे याच पळस्प्याच्या वास्तूत विद्यादानात घालवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पुण्याचे उदय भवाळकर आज ध्रुपदाचे देशात आणि देशाबाहेर मान्यता पावलेले गायक आहेत. रक्ताने डागर नसलेले, मराठी घरातून आलेले गायक ही बानी गातात आणि पुढे शिकवतात, ही गोष्ट या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित आहे, कारण कायद्याला ओळखू येणारा वारस आणि परंपरेने मानलेला वारस हे नेहमी एकच असतात असे नाही.

वारसा कायदा रक्ताचे आणि विवाहाचे नाते पाहतो, इच्छापत्र पाहतो, वाटणीपत्र पाहतो. संगीतातील वारसा गंडाबंधनाने सुरू होतो. उस्तादाने शिष्याच्या मनगटावर धागा बांधायचा, शिष्याने नजराणा द्यायचा आणि त्या क्षणापासून गुरूची विद्या त्याच्याकडे येण्याचा मार्ग मोकळा व्हायचा; मात्र सगळी विद्या सगळ्यांकडे येत नसे. सर्वसाधारण शिष्याला प्रचलित राग आणि चीजा मिळत, ‘खास तालीम’ मुलाला, पुतण्याला किंवा अत्यंत विश्वासातल्या शिष्याला मिळे, आणि काही अप्रचलित राग व घरंदाज बंदिशी तिजोरीतल्या दागिन्यांसारख्या राखून ठेवल्या जात. काही घराण्यांत बंदिशी मुलीच्या लग्नात हुंड्यात दिल्या गेल्या, असे सांगितले जाते. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांनी कोल्हापूर आणि मुंबईत दीर्घकाळ गायन-अध्यापन केले, पण आपल्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका निघू दिली नाही. या साऱ्यात कंजूषपणा किंवा लहरीपणा पाहणे सोपे आहे. वास्तविक ही बंदिशींच्या मालकीची एक पूर्ण व्यवस्थाच होती, जिच्यात परवानगी, मोबदला, हस्तांतर आणि उल्लंघनाची शिक्षा हे सर्व होते. फक्त ती कागदावर नव्हती आणि तिचे न्यायालय म्हणजे जाणकारांची बैठक होते.

याच व्यवस्थेत नामनिर्देशाचीही सोय होती. ख्यालाच्या बंदिशीत रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो, त्याला ‘मुद्रा’ किंवा ‘छाप’ म्हणतात. सदारंग, अदारंग यांच्यापासून फैयाज खाँ यांच्या ‘प्रेमपिया’पर्यंत, विलायत हुसेन खाँ यांच्या ‘प्राणपिया’पर्यंत आणि महाराष्ट्रात जगन्नाथबुवा पुरोहितांच्या ‘गुणिदास’पर्यंत ही प्रथा चालत आली. मुद्रा शब्दांत असल्यामुळे जो कोणी बंदिश गाईल त्याला रचनाकाराचे नाव घ्यावेच लागते. श्रेय देण्याची इतकी चोख युक्ती क्वचितच कुठल्या कलाक्षेत्रात सापडेल. परंतु तिची मर्यादाही तिच्यातच आहे: बंदिशीचे शब्द बदलून केवळ स्वररचना उचलली, की मुद्रा गळून पडते, आणि चित्रपटसंगीतात बहुधा हेच घडते.

मराठी रंगभूमीने या बाबतीत एक निराळी प्रथा जोपासली होती, जिचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून (१८८२) संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ज्या मूळ गाण्यावरून किंवा चीजेवरून ती घेतली, त्याचे सुरुवातीचे शब्द देण्याची पद्धत होती. पुढे ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी घराणेदार बंदिशींवरून पदांना चाली दिल्या, त्याही गुरूंकडून मिळालेल्या विद्येच्या बळावर. या व्यवहारात कोणी कोणाला पैसे दिले नसतील, परंतु चालीचा उगम लपवणे सभ्यतेला धरून नाही, ही जाणीव त्या छापील ओळीत स्पष्ट दिसते. आजच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एवढी एक ओळ घालण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, यावरून त्या जुन्या नाट्यपुस्तकांच्या संपादकीय नीतीचे मोल कळते.

कायद्याचा इतिहास पाहिला तर मौखिक संगीताशी त्याचे जमले नाही याचे कारण अगदी स्वच्छ दिसते. १९५७ च्या अधिनियमात ‘संगीतकृती’ची जी व्याख्या होती ती इंग्लंडच्या १९०२ च्या कायद्याच्या वळणावर केलेली होती: स्वरावली आणि स्वरसंवाद यांचा, किंवा त्यांपैकी एकाचा, छापलेला, लिहिलेला अथवा अन्य रीतीने रेखांकित केलेला संयोग म्हणजे संगीतकृती. स्वरलिपीत लिहून संगीत विकणाऱ्या प्रकाशकांच्या देशात ही व्याख्या योग्यच होती. भारतात मात्र तिचा अर्थ असा झाला, की जी बंदिश कधी कागदावर उतरली नाही ती कायद्याच्या दृष्टीने संगीतकृतीच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ही लेखनाची अट काढून टाकली, रचनाकाराने आपली कृती स्वरलिपीत नोंदवली असो वा नसो तो रचनाकारच, असे म्हटले, आणि ही दुरुस्ती १९९५ च्या मे महिन्यात अमलात आली. म्हणजे १९७८ साली ॲम्स्टरडॅमच्या रंगमंचावर जेव्हा कनिष्ठ डागर बंधू शिवस्तुती गात होते, तेव्हा तत्कालीन भारतीय व्याख्येत अलिखित बंदिशीला जागाच नव्हती. आणि गायकाला त्याच्या गायनावर असलेला ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ही १९९४ च्याच दुरुस्तीने प्रथम आला. फैयाजुद्दीन डागर १९८९ मध्ये वारले, झहीरुद्दीन १९९४ मध्ये. ज्या कायद्याने त्यांच्यासारख्यांना रचनाकार मानण्याची तयारी दाखवली, तो अमलात येण्यापूर्वी दोघेही गेलेले होते.

गायकाच्या हक्काविषयीची खंत सर्वोच्च न्यायालयात १९७७ सालीच व्यक्त झाली होती. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या निवाड्याला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दाखवून दिले, की भारतीय कायदा रचनाकाराच्या कागदावरील स्वरांना संरक्षण देतो, पण त्या स्वरांत प्राण भरणाऱ्या गायकाला काहीच देत नाही, आणि संसदेने यात लक्ष घालावे. संसदेने लक्ष घातले, परंतु १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी गायकाला गायक म्हणूनच हक्क दिले. भारतीय मैफलीतील गायक हा गाता गाता रचनाही करत असतो, या वस्तुस्थितीपर्यंत कायदा अजून पोचलेला नाही. बंदिश हा गायकाच्या हाती आलेला आराखडा असतो. त्यातली स्वरस्थाने, लयीशी केलेले खेळ, संचारीतील वळणे तो आपल्या तालमीने आणि प्रतिभेने घडवतो आणि वर्षानुवर्षांच्या सादरीकरणातून त्या बंदिशीचे रूप ठरत जाते. अशा रचनेत ‘प्रथम कोणी बांधली’ हा प्रश्न विचारण्याजोगा असला, तरी त्याचे उत्तर एका नावात आणि एका तारखेत मिळेलच असे नाही.

लेखी नोंदीचा दुसराही परिणाम आहे आणि त्याची मुळे महाराष्ट्रात आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे स्वतः कायद्याचे पदवीधर आणि व्यवसायाने वकील होते. वकिली सोडून त्यांनी देशभर फिरून जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या, त्यांसाठी सोपी स्वरलिपी सिद्ध केली आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुलामुलींना घराण्याच्या उंबऱ्याबाहेर राहूनही शास्त्रीय संगीत शिकता आले ते या कामामुळे, आणि त्याचे ऋण कितीही मानले तरी कमीच आहे. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या कायद्यात छापील संगीत हेच संगीत होते, त्या कायद्यापुढे संग्राहकाचे छापील पुस्तक भक्कम उभे राहत होते आणि ज्यांच्या कंठातून ती चीज आली ते उस्ताद रिकाम्या हाताने. भातखंड्यांचा हेतू मालकी मिळवण्याचा नव्हता, ज्ञान मुक्त करण्याचा होता; परंतु मौखिक विद्या कागदावर उतरताना तिचे श्रेय कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला आहे, आणि डागर प्रकरणात तोच पुन्हा समोर आला आहे.

या प्रकरणात दोन्ही टोकांना धोका आहे. घराण्याच्या कायदेशीर वारसांना बंदिशींची संपूर्ण मालकी दिली, तर उद्या पळस्प्याला किंवा भोपाळला शिकलेल्या गायकाला आपल्या गुरूने शिकवलेले पद गाण्यासाठी गुरूच्या कुटुंबाचा परवाना घ्यावा लागेल. संयुक्त कर्तृत्वाच्या कृतीचा प्रताधिकार शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे झहीरुद्दीन डागर यांच्या मृत्यूपासून मोजता तो २०५४ च्या अखेरपर्यंत राहील. इतका काळ शिष्यपरंपरेला परवानगीच्या दारात उभे ठेवणे हे ध्रुपदासारख्या थोड्या गायकांवर तगलेल्या कलेला घातक ठरेल. उलट, जे परंपरेचे ते सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही, असे म्हटले, तर ज्यांनी उपासमार सोसून, रिकाम्या सभागृहांत गाऊन ही विद्या राखली त्यांना बाजूला सारून भांडवल असलेला निर्माता ती विनामूल्य उचलू शकतो आणि नव्या वाद्यमेळात बसवून त्यावर स्वतःचा प्रताधिकारही मिळवू शकतो. चित्रपटाच्या श्रेयात सुरुवातीपासून ‘डागरवाणी ध्रुपदावर आधारित’ असे म्हटले होते, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. पण शैलीचे नाव घेणे आणि माणसांचे नाव घेणे यांत फरक आहे, आणि शैलीच्या नावाने मानधनाचा धनादेश काढता येत नाही. वादीच्या म्हणण्यानुसार गीताशी संबंधित काही गायक डागरवाणीचेच शिष्य होते. तसे असेल तर रचना कोणत्या वाटेने चित्रपटात पोचली हे सांगण्यासाठी गुरु-शिष्य साखळीइतका थेट पुरावा दुसरा नाही.

अशा वादांत कान हाच पुरावा मानण्याची परंपरा भारतीय न्यायालयांत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली राम संपत विरुद्ध राजेश रोशन या प्रकरणात, एका जाहिरातीची धून ‘क्रेझी ४’ चित्रपटाच्या गाण्यांत उचलल्याच्या तक्रारीवर, सामान्य श्रोत्याच्या कानाला दोन्ही गाणी ऐकून काय वाटते याला महत्त्व दिले होते. परंतु तेथे मूळ रचनाकार जिवंत होता, त्याच्या कामाचा करार होता, कागद होते. साम्य ओळखण्यासाठी कान पुरेसे असतात; कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी कायदा अजून कागदच मागतो.

इतर कायद्यांकडे वळून पाहिले तर विसंगती आणखी ठळक होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि भोपळ्याच्या निवडीपासून जवारी काढण्यापर्यंतचे पिढीजात कौशल्य हे एका गावातील कारागीर समाजाची सामूहिक ठेव असल्याचे कायद्याने मान्य केले. त्याच तंबोऱ्याच्या सुरात गायल्या जाणाऱ्या बंदिशींच्या परंपरेला मात्र सामूहिक ठेव म्हणून मान्यता देणारा एकही भारतीय कायदा नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी जनुकीय स्रोत आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार मंजूर केला, पण संगीत, नृत्य, कथा अशा पारंपरिक सांस्कृतिक अभिव्यक्ती त्याच्या बाहेरच राहिल्या. वनस्पतीविषयीच्या ज्ञानाला जी जागा मिळाली, ती गळ्यातील ज्ञानाला मिळालेली नाही.

मार्ग निघायचा असेल तर तो मालकीच्या वाटेने निघणार नाही, नामनिर्देशाच्या आणि वाट्याच्या वाटेने निघेल. व्यापारी कृतीत पारंपरिक रचना वापरताना ती ज्या गुरुपरंपरेतून आली तिचा आणि ज्ञात असलेल्या सादरकर्त्यांचा उल्लेख सक्तीचा करणे, आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग त्या परंपरेच्या शिक्षणावर खर्च होईल अशी तरतूद करणे, हे प्रताधिकाराची मूळ रचना न मोडता शक्य आहे. गुरूने शिकवलेली चीज मैफलीत गाण्याचा शिष्याचा अधिकार त्याच वेळी निर्विवाद राहिला पाहिजे. अशा तरतुदीला पुरावा लागेल, आणि तो गोळा करण्याची साधने देशात आहेत: १९८२ साली सुरू झालेल्या वांशिक संगीतशास्त्राच्या संग्रहालयासारख्या, मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रासारख्या आणि आकाशवाणीसारख्या संस्थांकडे ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा आहे. त्यात कोणत्या वर्षी कोणी काय गायले, निवेदनात बंदिशीविषयी काय सांगितले गेले आणि एकाच पदाची रूपे कशी बदलत गेली, हे ऐकून ठरवता येते.

खंडपीठाचा निर्णय अंतरिम टप्प्यावरचा आहे. शिवस्तुती कोणी बांधली याचा अंतिम निकाल पुराव्यावर लागायचा आहे. त्यासाठी ध्वनिफितींइतकीच माणसांची साक्ष लागेल: कनिष्ठ डागर बंधूंच्या बरोबर तालीम घेतलेले, त्यांच्या मागे तंबोरे छेडलेले, पखवाजावर त्यांची साथ केलेले, त्यांच्या आधी हे पद कोणी गायले होते की नव्हते हे सांगू शकणारे लोक. १९७० च्या दशकात विशीत असलेली ही पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि तिच्या आठवणी शपथेवर नोंदवून घेण्याची व्यवस्था न्यायालयाने, एखाद्या संगीत अकादमीने किंवा घराण्याने, कोणीही केली, तरी ती याच काही वर्षांत करावी लागेल.